मानवी भ्रूणाच्या मेंदूची वाढ प्रतिमांत कशी टिपावी

फलनानंतरच्या तिसऱ्या आठवड्यात मानवी भ्रूणाच्या पाठीच्या बाजूला पेशींचा एक जाडसर पट्टा तयार होतो. मेंदू आणि मज्जारज्जू यांची ती सुरुवात असते. आठवा आठवडा संपताना, जेमतेम तीन सेंटीमीटर लांबीच्या त्याच भ्रूणात प्रमस्तिष्काचे (मोठ्या मेंदूचे) दोन गोलार्ध, अनुमस्तिष्काचा (लहान मेंदूचा) आरंभ आणि भावी कॉर्टेक्सचा, म्हणजे मोठ्या मेंदूच्या बाह्य आवरणाचा, पहिला थर ओळखता येतो. इतक्या थोड्या काळात इतके घडते, की या टप्प्यातील प्रतिमा घेताना खरी अडचण यंत्राची नसून काळाची असते. दोन-तीन दिवसांच्या अंतराने रचना बदलते, आणि भ्रूणाची अवस्था चुकीची नोंदवली गेली तर उत्कृष्ट प्रतिमेचा अर्थही चुकीचा लावला जातो. पुढील मार्गदर्शन या क्षेत्रात नव्याने येणारे संशोधक, भ्रूणशास्त्राचे विद्यार्थी आणि सुरुवातीच्या आठवड्यांतील सोनोग्राफी शिकणारे डॉक्टर यांच्यासाठी आहे. गर्भवती स्त्रीच्या निदानाचा निर्णय मात्र तिला प्रत्यक्ष तपासणाऱ्या तज्ज्ञानेच घ्यायचा असतो.

आधी अवस्था, मग प्रतिमा

भ्रूणाचे वय मोजण्याच्या दोन पद्धती आहेत आणि त्यांची सरमिसळ हा या क्षेत्रातील सर्वांत जुना घोटाळा आहे. दवाखान्यात शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून आठवडे मोजतात, तर भ्रूणशास्त्रात फलनापासून मोजतात. या दोहोंत साधारण दोन आठवड्यांचे अंतर असते. त्यामुळे नोंदीत नुसते ‘आठ आठवडे’ लिहिलेले असेल तर ते भ्रूण पहिल्या पद्धतीनुसार सुमारे १६ मिलिमीटर लांबीचे आणि दुसऱ्या पद्धतीनुसार सुमारे ३० मिलिमीटरचे असू शकते. या दोन भ्रूणांच्या मेंदूंत फार मोठा फरक असतो. म्हणून प्रत्येक प्रतिमेच्या नावात आणि प्रत्येक तक्त्याच्या शीर्षकात मोजणीची पद्धत लिहिण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. या लेखातही पुढे जिथे आठवडे येतील तिथे ती स्पष्ट केली आहे.

वयापेक्षा भरवशाचा आधार म्हणजे कार्नेगी अवस्था. फ्रँकलिन मॉल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भ्रूण जमवायला सुरुवात केली, १९१४ मध्ये बाल्टिमोर येथे कार्नेगी संस्थेचा भ्रूणशास्त्र विभाग उभा राहिला, जॉर्ज स्ट्रीटर यांनी त्या संग्रहाची क्रमवार विभागणी केली आणि ओ’राहिली व म्युलर यांनी १९८७ मध्ये तिला आजचे २३ अवस्थांचे रूप दिले. फलनानंतरचे पहिले आठ आठवडे या २३ अवस्थांत बसतात. अवस्था लांबीवरून किंवा दिवसांवरून ठरत नाही; शरीराच्या बाह्य आणि आंतरिक लक्षणांवरून ठरते. दिवसांचे आकडे केवळ अंदाजे असतात. जुन्या आणि नंतर सुधारलेल्या तक्त्यांत एकाच अवस्थेसमोर काही दिवसांचा फरक आढळतो. म्हणूनच अहवालात अवस्था आधी लिहावी, दिवस नंतर लिहावेत, आणि कोणता तक्ता वापरला तेही नमूद करावे.

नमुना हाती असेल तर कोणतीही रासायनिक प्रक्रिया करण्यापूर्वी त्याची दोन्ही बाजूंनी आणि समोरून मोजपट्टीसह छायाचित्रे घ्यावीत. हात आणि डोळा ही दोन स्थळे सर्वांत लवकर उत्तर देतात. सोळाव्या अवस्थेच्या सुमारास हाताच्या जागी वल्ह्यासारखी सपाट पाती दिसते आणि डोळ्यातील रंगद्रव्य बाहेरून जाणवू लागते. सतराव्या अवस्थेत त्या पातीवर बोटांच्या रेषा उमटतात. विसाव्या अवस्थेच्या सुमारास हात कोपरात वाकतो. तेविसाव्या अवस्थेत बोटे सुटी आणि लांब झालेली असतात. दोन व्यक्तींनी एकमेकींना न विचारता अवस्था ठरवावी आणि मतभेद झाल्यास दोन्ही मते नोंदवहीत ठेवावीत. मतभेद झाकून एकच आकडा लिहिल्याने पुढच्या अभ्यासकाचे नुकसान होते.

गर्भाशयातील भ्रूणाच्या बाबतीत हा मार्ग उपलब्ध नसतो. तिथे डोक्यापासून नितंबापर्यंतची लांबी, म्हणजे सीआरएल, हाच आधार असतो. पाळीपासून मोजलेल्या सातव्या आठवड्याला ती सुमारे १० मिलिमीटर, आठव्याला १६, नवव्याला २३ आणि दहाव्याला ३१ मिलिमीटर असते.

नेमके काय शोधायचे

या वयातील मेंदू म्हणजे मुख्यतः पातळ भिंतींच्या आत द्रवाने भरलेल्या पोकळ्या असतात. ही गोष्ट मनात पक्की बसली की निम्मे काम सोपे होते, कारण प्रतिमेत घन भागापेक्षा पोकळीचा आकार आधी आणि अधिक स्पष्ट दिसतो.

चेतानलिका, म्हणजे सुरुवातीचा पेशींचा पट्टा वळून बनणारी नळी, मध्यभागी मिटायला सुरुवात होते, तिचे वरचे तोंड अकराव्या अवस्थेत आणि खालचे तोंड बाराव्या अवस्थेत बंद होते. वरच्या टोकाला अग्रमेंदू, मध्यमेंदू आणि पश्चमेंदू असे तीन फुगवटे असतात. पुढे अग्रमेंदूचे दोन आणि पश्चमेंदूचे दोन भाग होऊन एकूण पाच होतात. गोलार्ध अग्रमेंदूच्या पुढच्या भागातून दोन्ही बाजूंना फुगू लागतात आणि पुढील काही आठवड्यांत मागे व खाली पसरत मधल्या भागाला झाकतात.

याच काळात नलिका तीन ठिकाणी वाकते. मध्यमेंदूपाशी आणि मानेपाशी पडणारे बाक एकाच दिशेचे असतात, तर पश्चमेंदूतील तिसरा बाक उलट दिशेचा असतो. याचा प्रतिमा घेण्यावर थेट परिणाम होतो. सरळ रेषेत घेतलेला एकच आडवा छेद अग्रमेंदू आणि पश्चमेंदू या दोहोंतून एकदम जाऊ शकतो, आणि नवख्या नजरेला त्या दोन पोकळ्या शेजारच्या वाटतात, जरी नलिकेच्या क्रमाने पाहता त्यांच्यामध्ये संपूर्ण मध्यमेंदू असतो. म्हणून माझे ठाम मत असे आहे की या वयात सुट्या छेदांवर विसंबू नये. घनचित्र, म्हणजे तिन्ही दिशांनी कापता येईल असा त्रिमितीय संच, मिळवावा आणि सर्वप्रथम त्यात मध्यरेषेतील उभा छेद शोधावा. त्या छेदात तिन्ही बाक एकत्र दिसतात आणि उरलेल्या प्रत्येक पोकळीचा पत्ता तिथून लावता येतो.

सोनोग्राफीने जिवंत भ्रूण पाहताना

प्रयोगशाळेतील जिवंत मानवी भ्रूणांचे संवर्धन दीर्घकाळ फलनानंतरच्या चौदा दिवसांपर्यंतच मर्यादित ठेवले गेले आहे, आणि चौदाव्या दिवशी मेंदूची सुरुवातही झालेली नसते. त्यामुळे जिवंत मानवी भ्रूणाचा मेंदू पाहण्याची व्यवहारातील वाट सोनोग्राफी हीच आहे. एमआरआय या वयात उपयोगी पडत नाही. भ्रूण अतिशय लहान असते व हलते, आणि गर्भाचा एमआरआय साधारणपणे गर्भारपणाच्या मध्यापासून पुढे केला जातो.

तपासणी योनीमार्गातील प्रोबने करावी, कारण त्यामुळे भ्रूण आणि प्रोब यांतील अंतर कमी होते आणि जास्त वारंवारता वापरता येते. वारंवारता आणि सूक्ष्मता यांचे नाते हिशेबाने समजून घ्यावे. मऊ ऊतींत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५४० मीटर धरला, तर ७.५ मेगाहर्ट्झला तरंगलांबी ०.२ मिलिमीटर येते आणि १० मेगाहर्ट्झला ०.१५ मिलिमीटर. संपूर्ण भ्रूण १० मिलिमीटरचे असताना याचा अर्थ असा, की पोकळ्यांचे आकार दिसतील, परंतु भिंतीतील थर दिसणार नाहीत. जे तरंगलांबीच्या मर्यादेत बसत नाही, त्याबद्दल सोनोग्राफीवरून विधान करू नये.

स्त्रीला मूत्राशय रिकामे करायला सांगावे, तपासणीचा हेतू आणि साधारण वेळ आधीच समजावून सांगावी. डोके पडद्याचा बराचसा भाग व्यापेल इतके मोठे करावे, फोकस डोक्याच्या खोलीवर आणावा आणि चित्राची रुंदी कमी करावी, म्हणजे प्रति सेकंद चित्रांची संख्या वाढते. सुरुवात शक्यतो मध्यरेषेतील उभ्या छेदापासून करावी. घनचित्र घेताना फिरण्याचा कोन डोके मावेल इतकाच ठेवावा. कोन मोठा ठेवला की वेळ वाढतो आणि तेवढ्यात भ्रूण हलले तर गोलार्धाची कड दातेरी होते. अशी दातेरी कड दिसली तर ते घनचित्र मोजमापासाठी वापरू नये, कितीही सुंदर दिसत असले तरी. एकापेक्षा अधिक घनचित्रे साठवावीत आणि तपशीलवार पाहणी स्त्री निघून गेल्यावर, साठवलेल्या चित्रांवर करावी. यामुळे प्रत्यक्ष ध्वनिलहरींचा मारा कमी होतो.

सुरक्षिततेचे नियम या वयात अधिक काटेकोरपणे पाळावे लागतात. पडद्यावरील उष्णता निर्देशांक, म्हणजे टीआय, सतत दिसेल असा ठेवावा. पाळीपासून मोजलेल्या दहाव्या आठवड्यापूर्वी मऊ ऊतींचा टीआय पाहावा आणि त्यानंतर हाडांचा. ब्रिटिश मेडिकल अल्ट्रासाउंड सोसायटीच्या मार्गदर्शनानुसार टीआय ०.७ च्या वर गेल्यास तपासणीच्या वेळेवर मर्यादा येते, आणि ती मर्यादा टीआय वाढेल तशी झपाट्याने कमी होत जाते. भ्रूणाच्या मेंदूवर स्पंदित डॉप्लर नेहमीच्या तपासणीत लावू नये. शक्ती वाढवून चित्र उजळवण्याऐवजी आधी गेन (परत आलेल्या प्रतिध्वनीचे प्रवर्धन) आणि फोकस सुधारावा, कारण गेन वाढवल्याने भ्रूणापर्यंत पोहोचणारी ऊर्जा वाढत नाही.

आता पडद्यावर काय दिसते ते आठवड्यांनुसार पाहू. येथे सर्व आठवडे पाळीपासून मोजलेले आहेत. सातव्या आठवड्यात भ्रूणाच्या डोक्याच्या माथ्याकडे एक रुंद, काळी, पत्त्यांतील चौकटीच्या आकाराची पोकळी ठळकपणे नजरेत भरते. ती पश्चमेंदूची पोकळी, म्हणजे भावी चौथे व्हेंट्रिकल असते. बाक पूर्ण न पडल्यामुळे ती सर्वांत वर येते आणि इतर पोकळ्यांच्या मानाने फार मोठी दिसते. ही पोकळी पाहून मेंदूत पाणी साठल्याचा किंवा गाठ असल्याचा अहवाल देणे ही घातक चूक आहे. हे पूर्णपणे नैसर्गिक रूप आहे. आठव्या आठवड्यात गोलार्ध दोन लहान फुगवट्यांच्या रूपाने वेगळे दिसू लागतात, मध्यमेंदूची पोकळी मोठी आणि स्पष्ट असते आणि तिसऱ्या व्हेंट्रिकलची जागा अजून रुंद असते. आठव्या ते नवव्या आठवड्यात कोरॉइड प्लेक्ससचे, म्हणजे मेंदूतील द्रव तयार करणाऱ्या ऊतीचे, पांढरे चमकदार पुंजके प्रथम चौथ्या व्हेंट्रिकलपाशी आणि मग गोलार्धांत दिसू लागतात, आणि मध्यमेंदू डोक्याच्या सर्वोच्च भागी येतो. नवव्या-दहाव्या आठवड्यात कोरॉइड प्लेक्सस गोलार्धांच्या पोकळीचा मोठा भाग व्यापतो, दोन गोलार्धांमधील पडदा एका बारीक रेषेसारखा दिसतो आणि तिसरे व्हेंट्रिकल अरुंद होत जाते.

नॉर्वेतील ट्रोन्डहाइम येथे हार्म-गेर्ड ब्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात याच पोकळ्यांची त्रिमितीय चित्रे जिवंत भ्रूणांत उभी केली आणि त्यांचे आकारमान मोजले. आजच्या यंत्रांत त्यासाठी उलट दर्शनाची सोय असते: द्रव भरलेला काळा भाग घन दाखवला जातो आणि भिंती अदृश्य केल्या जातात, त्यामुळे पोकळ्यांचा साचाच समोर येतो. या दर्शनासाठी उंबरठा, म्हणजे किती उजळपणाखालचा भाग द्रव मानायचा ती सीमा, ठरवताना सांभाळावे. उंबरठा थोडा सरकवला तरी अरुंद तिसरे व्हेंट्रिकल तुटल्यासारखे किंवा फुगल्यासारखे दिसते. उंबरठ्याचा आकडा नोंदवून ठेवावा आणि मूळ करड्या छेदांशी तो साचा ताडून पाहावा.

लवकर दिलेले निदान दुःखद असू शकते, म्हणून येथे सावधगिरीला पर्याय नाही. कवटीचे हाड साधारण अकराव्या आठवड्याच्या सुमारास पडद्यावर दिसू लागते, त्यापूर्वी ‘कवटी नाही’ असे विधान करण्यास आधारच नसतो. गोलार्ध वेगळे झाले नसल्याची शंका नवव्या-दहाव्या आठवड्यात येऊ शकते, पण शंका आली तर काही दिवसांनी पुन्हा तपासणी ठरवावी आणि अनुभवी तज्ज्ञाचे मत घ्यावे. अहवालात दिसले ते लिहावे, अंदाज निदान म्हणून लिहू नये.

दान केलेले नमुने: भिंतींच्या आत पाहण्यासाठी

पेशींचे थर, चेतातंतूंच्या वाटा आणि कोणत्या भागात कोणते जनुक सक्रिय आहे, हे पाहायचे असेल तर गर्भपातानंतर दान केलेल्या ऊतींखेरीज मार्ग नाही. येथे पहिले पाऊल संमतीचे असते. गर्भपाताचा निर्णय पूर्णपणे झाल्यानंतरच दानाचा विषय काढावा, उपचार करणारा आणि संशोधन करणारा वेगळा असावा, नकाराचा उपचारांवर परिणाम होणार नाही हे स्त्रीला समजलेले असावे, संमती लेखी असावी, आणि संबंधित नीतिसमितीची मान्यता व देशाचा कायदा यांची पूर्तता आधी झालेली असावी. प्रयोगशाळेत नमुना फक्त सांकेतिक क्रमांकाने ओळखला जावा. ब्रिटनमधील ह्यूमन डेव्हलपमेंटल बायोलॉजी रिसोर्स ही संस्था न्यूकॅसल आणि लंडन येथून अशाच चौकटीत संशोधकांना ऊती पुरवते. स्वतः संकलन करण्याची व्यवस्था नसलेल्यांनी अशा संस्थेमार्फतच काम करावे, असे मला वाटते.

बरेच काम तर नवा नमुना न घेताही होते. जपानमधील क्योतो विद्यापीठाचा संग्रह १९६१ मध्ये हिदेओ निशिमुरा यांनी सुरू केला आणि त्यात सुमारे ४४,००० भ्रूण व गर्भ आहेत; त्यांपैकी सुमारे १,२०० भ्रूणांची एमआर सूक्ष्मचित्रे घेतली गेली. कार्नेगी संग्रहातील जुन्या रंगवलेल्या कापांवरून ॲमस्टरडॅमच्या गटाने २०१६ मध्ये त्रिमितीय डिजिटल नकाशासंग्रह तयार केला. आपला प्रश्न या चित्रांतून सुटतो का, हे आधी तपासणे नमुन्याच्या आणि दात्याच्या आदराचाच भाग आहे.

नमुना ताजा असताना मेंदू कवटीबाहेर काढण्याचा मोह टाळावा. या वयातील ऊती इतक्या मऊ असतात की गोलार्धांच्या पातळ भिंती चिमट्याच्या स्पर्शानेही दबतात. पूर्ण भ्रूण किंवा पूर्ण डोके थंड बफरमधून अलगद धुऊन स्थिरीकरणासाठी, म्हणजे ऊती आहेत तशा टिकवण्यासाठी, ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये ४ अंश सेल्सिअसला ठेवावे. किती वेळ ठेवावे हे आकारावर अवलंबून असते. लहान भ्रूणाला एक रात्र पुरते, आणि प्रतिपिंड (विशिष्ट प्रथिनाला चिकटून त्याची जागा दाखवणारे रेणू) वापरायचे असतील तर गरजेपेक्षा जास्त ठेवणे हानिकारक ठरते.

पद्धतींचा क्रम लावताना एकच नियम पाळावा: जी पद्धत नमुना अबाधित ठेवते ती आधी, जी त्याचा नाश करते ती शेवटी. एमआर सूक्ष्मचित्रण सर्वांत निरुपद्रवी आहे, म्हणून ते पहिले. त्याचे व्हॉक्सेल, म्हणजे घनचित्राचे सर्वांत लहान घटक, सुमारे चाळीस ते दीडशे मायक्रोमीटरच्या घरात मिळतात आणि एकूण आकार त्यातूनच विश्वासार्ह मोजता येतो. आयोडीन मुरवून केलेले मायक्रो-सीटी अधिक बारकावे देते, मात्र आयोडीनमुळे ऊती आकसतात. मायक्रोटोमवर सलग काप घेण्याची जुनी पद्धत आजही पेशींच्या तपशिलात अजोड आहे, परंतु एकदा कापलेला नमुना परत जुळत नाही.

या सर्वांमध्ये ज्या पद्धतीने चित्र बदलून टाकले ती म्हणजे ऊती पारदर्शक करून लाइट शीट सूक्ष्मदर्शकाखाली, म्हणजे प्रकाशाच्या पातळ पडद्याने एकेक थर उजळून, पाहणे. पॅरिसमधील आलँ शेदोताल यांच्या गटाने २०१७ मध्ये या मार्गाने सुरुवातीच्या आठवड्यांतील मानवी भ्रूणांची आणि गर्भांची त्रिमितीय चित्रे प्रसिद्ध केली. तत्त्व सोपे आहे: ऊतींतील पाणी आणि मेद काढून त्यांच्या जागी प्रथिनांच्या जवळपास अपवर्तनांक असलेला द्रव भरला, की प्रकाश विखुरणे थांबते. क्रम असा असतो. प्रथम मिथेनॉलचे प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढवून पाणी काढावे. मग मिथेनॉलमधील हायड्रोजन पेरॉक्साइडने रक्ताचा रंग घालवावा. भ्रूणात रक्त भरपूर असते आणि हा टप्पा गाळला तर मेंदूभोवतीच्या रक्तवाहिन्या काळ्या सावल्या पाडतात. पुन्हा बफरमध्ये आणून प्रतिपिंड द्यावे आणि त्याला आत मुरायला अनेक दिवस, मोठ्या डोक्याला आठवडा किंवा अधिक, द्यावेत. त्यानंतर पुन्हा मिथेनॉल, मग मेद काढण्यासाठी डायक्लोरोमिथेन, आणि शेवटी सुमारे १.५६ अपवर्तनांकाचा डायबेन्झिल ईथर.

शेवटच्या टप्प्यात दुधी नमुन्याच्या कडा आधी काचेसारख्या होतात आणि मध्यभागी, पश्चमेंदूच्या जाड तळाशी, ढगाळपणा सर्वांत शेवटपर्यंत रेंगाळतो. तो तसाच राहिला तर दोष बहुधा शेवटच्या द्रवाचा नसून पाणी नीट न निघाल्याचा असतो. नमुना मागे नेऊन मिथेनॉलचे टप्पे पुन्हा करावेत. डायक्लोरोमिथेन आणि डायबेन्झिल ईथर अनेक प्लास्टिके विरघळवतात, म्हणून बाटल्या काचेच्याच घ्याव्यात, काम वायुनिष्कासन कपाटातच करावे आणि सूक्ष्मदर्शकाचे भिंग त्या द्रवासाठी योग्य आहे याची आधी खात्री करावी.

प्रतिपिंडांची निवड प्रश्नावरून ठरवावी. विभाजन पावणाऱ्या पूर्वज पेशींसाठी पॅक्स६ आणि सॉक्स२, नव्याने तयार झालेल्या चेतापेशींसाठी डबलकॉर्टिन किंवा बीटा-३ ट्युब्युलिन, असे परिचित पर्याय आहेत. प्रत्येक नव्या प्रतिपिंडाची चाचणी आधी पातळ कापावर घ्यावी. दुर्मीळ नमुन्यावर पहिला प्रयोग करणे योग्य नाही. फक्त दुय्यम प्रतिपिंड (पहिल्या प्रतिपिंडाला चिकटणारे चमकदार प्रतिपिंड) दिलेला एक नियंत्रण नमुना सोबत हवाच, कारण पोकळ्यांच्या कडेवर आणि कोरॉइड प्लेक्ससमध्ये खोटी चमक सहज उमटते.

चित्रावरून आकड्यांकडे

मोजमापासाठी आयटीके-स्नॅप, थ्रीडी स्लायसर आणि फिजी ही विनामूल्य साधने पुरेशी आहेत. पोकळ्या अर्धस्वयंचलित पद्धतीने रंगवता येतात. भिंतींचे भाग वेगळे करताना मात्र सीमारेषा हातानेच आखाव्या लागतात, कारण मध्यमेंदू आणि अग्रमेंदू यांच्यात या वयात रेघ ओढलेली नसते. सीमा कोणत्या खुणेवरून धरली याचे एक पान लिहून ठेवावे आणि त्याच माणसाकडून काही नमुन्यांचे रेखन काही दिवसांनी पुन्हा करून घ्यावे. दोन वेळच्या आकारमानांतला फरक हा अभ्यासाचा भाग आहे आणि तो निकालांबरोबर द्यावा.

आकसण्याचा हिशेब हा सर्वाधिक दुर्लक्षित भाग आहे. फॉर्मॅलिन, मिथेनॉल, पॅराफिन आणि आयोडीन हे सगळे नमुना लहान करतात, तेही सर्व भागांत सारख्या प्रमाणात नाही. पोकळ्या कोसळतात तेव्हा भिंती तितक्याच राहूनही डोके लहान दिसते. म्हणून सोनोग्राफीतील आकारमान आणि पारदर्शक नमुन्यातील आकारमान एकाच आलेखावर दुरुस्ती न करता ठेवू नये. नमुना ताजा असताना, स्थिरीकरणानंतर आणि पारदर्शक झाल्यावर अशी तीन वेळा त्याची लांबी मोजली, तर रेषीय आकुंचनाचे गुणोत्तर मिळते, आणि आकारमानासाठी त्या गुणोत्तराचा घन घ्यावा लागतो. दहा टक्के रेषीय आकुंचन म्हणजे आकारमानात सुमारे २७ टक्क्यांची घट, हे लक्षात घेतले की ही तीन मोजमापे का टाळू नयेत ते उघड होते.

प्रत्येक संचासोबत जाणारी माहिती तितक्याच निष्ठेने जपावी: कार्नेगी अवस्था आणि ती ठरवणाऱ्यांची मते, वय मोजण्याची पद्धत, सीआरएल, स्थिरीकरणाचा कालावधी, व्हॉक्सेलचा आकार तिन्ही दिशांना, प्रतिपिंडांचे क्रमांक, आकुंचनाचे गुणोत्तर, आणि डावी-उजवी बाजू ओळखण्याची खूण. ही शेवटची खूण विसरली जाते. संगणकात चित्र आरशासारखे उलटे झाले तर नंतर ते कळण्याची सोय उरत नाही, म्हणून नमुना अॅगरोजमध्ये (जेलीसारख्या पदार्थात) बसवतानाच त्याच्या एका बाजूला छेद किंवा काचेचा मणी ठेवावा.